झेनिथ-स्ट्रॉमबर्ग १७५ कार्ब्युरेटरचे ओव्हरहॉल किट: एक सविस्तर परीक्षण

जुन्या मोटारीच्या इंजिनावर झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर दिसला की पुष्कळ मेकॅनिक त्याला एसयू (त्याच तत्त्वावर चालणारा दुसऱ्या बनावटीचा कार्ब्युरेटर) समजूनच हात घालतात आणि त्या गैरसमजाची झळ शेवटी आतल्या रबरी डायफ्रॅमला बसते. दोघांचे तत्त्व एक असले तरी रचना वेगळी आहे. शिवाय खुद्द झेनिथ-स्ट्रॉमबर्गच्या एकाच आकारात इतके पोटप्रकार निघाले की ‘१७५ साठी’ एवढेच छापलेले किट आपल्या हातातल्या नगाला पूर्णपणे लागू पडेल याची खात्री देता येत नाही. ओळखपट्टी नसलेल्या अशा एका १७५ कार्ब्युरेटरचे ओव्हरहॉल मी अलीकडे बाजारात मिळणाऱ्या एका ‘संपूर्ण’ किटच्या आधारे केले. हे त्या किटचे परीक्षण आहे. विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला त्या एका पाकिटापेक्षा अशा प्रकारच्या किटबद्दल सांगायचे आहे. माझे मत आधीच नोंदवतो: किटमधील डायफ्रॅम आणि नीडल व्हॉल्व्ह (आत येणारे पेट्रोल रोखणारी झडप) उत्तम आहेत, गॅस्केट (सांधे बंद करणाऱ्या पातळ चकत्या) कामापुरती बरी आहेत, सोबतचे माहितीपत्रक अपुरे आहे, आणि कार्ब्युरेटरची ओळख नीट पटवल्याशिवाय किट मागवले तर त्यातल्या चांगल्या वस्तूंचाही उपयोग होत नाही.

हा कार्ब्युरेटर काम कसा करतो ते थोडक्यात सांगितल्याशिवाय किटमधील कोणता भाग किती मोलाचा आहे हे कळणार नाही. नेहमीच्या कार्ब्युरेटरात व्हेंचुरीचे, म्हणजे हवेच्या वाटेतील अरुंद भागाचे, माप कायम असते आणि आयडलिंगसाठी (गाडी उभी असताना इंजिन मंद चालण्यासाठी), मधल्या वेगासाठी, पूर्ण वेगासाठी निरनिराळे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे, असतात. ॲक्सिलरेटर दाबताच पेट्रोलची पिचकारी मारणारा पंप वेगळा असतो. झेनिथ-स्ट्रॉमबर्ग सीडीमध्ये (सीडी म्हणजे ‘कॉन्स्टंट डिप्रेशन’, कायम ओढ) या सगळ्यांच्या जागी एकच जेट आणि त्यात वरखाली होणारी एक निमुळती सुई आहे. सुई ज्या एअर व्हॉल्व्हला जोडलेली असते तो डायफ्रॅमला टांगलेला असतो. एअर व्हॉल्व्हच्या तळाशी असलेल्या छिद्रांतून इंजिनाची ओढ डायफ्रॅमच्या वरच्या पोकळीत पोहोचते, खालच्या बाजूस बाहेरच्या हवेचा दाब असतो, आणि या दोहोंतील फरकामुळे एअर व्हॉल्व्ह इंजिनाच्या मागणीप्रमाणे उचलला जातो. तो जितका वर जातो तितका हवेचा मार्ग मोठा होतो आणि सुईभोवतीची जेटमधील जागाही तितकीच वाढते. परिणामी जेटवरची ओढ जवळपास एकसारखी राहते. इंजिनाला एकाएकी वेग हवा असेल तेव्हा एअर व्हॉल्व्ह झटक्यात वर जाऊ नये म्हणून मधल्या दांड्यात तेल भरलेला डॅम्पर बसवलेला असतो; तो वर जाणाऱ्या हालचालीला अडवतो, खाली येणाऱ्या हालचालीला मोकळी वाट देतो, आणि त्या क्षणापुरते मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते.

या वर्णनावरून एक गोष्ट सहज लक्षात येईल. एसयूमध्ये पिस्टन आणि त्याची घंटेसारखी टोपी या दोन धातूंच्या भागांमधील अतिशय बारीक फट हीच ओढ टिकवून धरते. झेनिथ-स्ट्रॉमबर्गमध्ये ते काम रबराच्या पातळ पडद्यावर सोपवलेले आहे. पडदा फाटला की एअर व्हॉल्व्ह उचलला जात नाही, इंजिन आयडलिंगला चालते पण त्यापुढे दम धरत नाही, आणि ज्याला ही रचना ठाऊक नाही तो पेट्रोल पंप, प्लग, कॉइल असे सगळे बदलत बसतो. म्हणून या किटचे परीक्षण मुख्यतः त्यातील डायफ्रॅमचे परीक्षण आहे.

ओळख पटवण्याचा भाग मात्र डायफ्रॅमच्या आधी येतो. केवळ ‘स्ट्रॉमबर्गचे किट’ मागितले तर अमेरिकेतील फोर्डच्या व्ही-८ इंजिनांवर १९३० च्या दशकात बसत असलेल्या स्ट्रॉमबर्ग ९७ या दोन नळ्यांच्या डाउनड्राफ्ट (हवा वरून खाली जाणाऱ्या) कार्ब्युरेटरचे भाग हाती पडू शकतात. नाव सोडले तर त्याचा या सीडी कुळाशी कामापुरता काही संबंध नाही. केवळ ‘झेनिथ’ म्हटले तरी तोच गोंधळ होतो, कारण झेनिथने स्थिर व्हेंचुरीचे कार्ब्युरेटरही भरपूर बनवले आहेत. त्यामुळे नाव, आकार आणि पोटप्रकार या तिन्ही गोष्टी हातात असल्याशिवाय मागणी नोंदवू नये.

मोटारीच्या नावावरून भाग मागवण्याची सवय इथे फारशी उपयोगी पडत नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून या कार्ब्युरेटरचा प्रसार झाला. १९६५ च्या ट्रायम्फ टीआर४ए वर सुरुवातीला १७५ सीडी होते आणि पुढे त्याच गाडीवर एसयू आले. ट्रायम्फ टीआर६ च्या अमेरिकेतील आवृत्तीवर दोन १७५ होते, तर ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या त्याच गाडीवर कार्ब्युरेटर नव्हतेच, ल्युकासचे पेट्रोल इंजेक्शन होते. जग्वार ई-टाइपच्या अमेरिकेला जाणाऱ्या सहा सिलिंडरच्या गाड्यांवर तीन एसयूच्या जागी दोन स्ट्रॉमबर्ग आले आणि १९७१ च्या बारा सिलिंडरच्या ई-टाइपवर चार. व्होल्वो १६४, सुरुवातीची रेंज रोव्हर, १९७५ नंतरची अमेरिकेतील एमजीबी, मर्सिडीजची चार सिलिंडरची काही इंजिने अशा परस्परांशी संबंध नसलेल्या गाड्यांवर हेच कुळ आढळते. त्यातच गेल्या अनेक दशकांत मालकांनी एका गाडीचे कार्ब्युरेटर दुसरीवर चढवले आहेत. तेव्हा इंजिनावर जे बसलेले आहे ते कारखान्यातून त्याच इंजिनासाठी आलेले आहे हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. माझ्यापुढचा नग ज्या इंजिनावर होता त्या इंजिनाला तो कधीच दिलेला नव्हता.

सर्वात सोपा पुरावा म्हणजे वरच्या टोपीच्या एका स्क्रूखाली अडकवलेली छोटी धातूची पट्टी. तिच्यावर नगाचा क्रमांक असतो आणि जोडीच्या कार्ब्युरेटरांत डावा-उजवा दाखवणारे अक्षरही असते. ही पट्टी शाबूत असेल तर निम्मे काम झाले. मात्र कोणी तरी टोपी उघडताना ती काढून ठेवतो आणि परत लावत नाही, त्यामुळे जुन्या नगावर ती नसण्याचीच शक्यता अधिक. टोपी उघडणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की पट्टी त्याच स्क्रूखाली परत लावावी. पुढच्या माणसाचे कितीतरी श्रम त्या एका पट्टीने वाचतात.

पट्टी नसेल तर अंगावरच्या खुणा वाचाव्या लागतात. प्रथम एसयू की स्ट्रॉमबर्ग हे ठरवावे. एसयूची टोपी उंच आणि वर निमुळती होत जाणारी असते. स्ट्रॉमबर्गची टोपी बसकी, रुंद कडेची आणि चार स्क्रूंनी बसवलेली असते, आणि त्या कडेमध्ये डायफ्रॅमची किनार चिमटलेली असते. एसयूच्या जुन्या प्रकारांत फ्लोट चेंबर (तरंगत्या फ्लोटने पेट्रोलची पातळी राखणारी टाकी) बाजूला लटकलेले असते, तर स्ट्रॉमबर्गमध्ये ते बॉडीच्या खाली, जेटच्या भोवती असते. एसयूच्या पुढच्या एचआयएफ प्रकारातही फ्लोट खालीच गेल्यामुळे फक्त फ्लोटवरून निर्णय करू नये, टोपी पाहावी. डॅटसन २४०झेडवर येणारे हिताचीचे कार्ब्युरेटरही एसयूच्या धाटणीचे आहेत आणि बाहेरून पाहणाऱ्याला चकवतात, पण त्यांच्यातही डायफ्रॅम नाही.

यानंतर आकार. १२५, १५० आणि १७५ हे आकडे इंचाच्या शंभराव्या भागातील नाममात्र माप सांगतात, म्हणजे अनुक्रमे सव्वा, दीड आणि पावणेदोन इंच. हे नाममात्र माप असल्याने एकट्या कॅलिपरवर विसंबून मी निर्णय घेत नाही. जुना डायफ्रॅम काढून तो नव्याच्या शेजारी ठेवला की शंका उरत नाही.

खरा कस लागतो तो पोटप्रकार ठरवताना. फ्लोट चेंबरच्या तळाशी मध्यभागी पाहावे. तिथे स्क्रू ड्रायव्हरने फिरवता येणारा पितळी स्क्रू असेल तर जेट वरखाली करून मिश्रण जुळवण्याचा जुना सीडी प्रकार आहे; तिथे नुसते बूच असेल तर जेट बॉडीत कायमचा बसवलेला आहे आणि जुळवाजुळव असलीच तर ती वरून, सुईच्या बाजूने होते. मग चोक पाहावा. साध्या सीडीमध्ये चोक ओढला की एक आडवी दांडी एअर व्हॉल्व्हला थोडे उचलते. बाजूला गोल चकतीचा स्वतंत्र स्टार्टर असेल तर नावात ‘एस’ येतो. त्या चकतीत चढत्या मापाची छिद्रे असतात आणि चोक जसा ओढावा तसे अधिक पेट्रोल वाहते. थंड देशांत जाणाऱ्या गाड्यांसाठी या स्टार्टरवर एक फिरवता येणारी खीळही दिलेली असते, जी कडक थंडीत चकतीला पूर्ण फिरू देते आणि एरवी मध्येच थांबवते. इंजिनाच्या पाण्याने तापणारा स्वयंचलित चोक असेल तर नावात ‘टी’ असतो. धुराच्या नियमांसाठी बनवलेल्या ‘ई’ प्रकारांत आणखी दोन भाग दिसतात: एका झाकणाखाली दोन धातूंच्या पट्टीवर चालणारा टेम्परेचर कॉम्पेन्सेटर, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर उघडणारा बायपास व्हॉल्व्ह, ज्यात स्वतःचा छोटा डायफ्रॅम असतो. माझा नग या खुणांवरून सीडीएसई ठरला.

एवढी तपासणी झाल्यावर किट उघडून पाहिले असता त्यात मोठा डायफ्रॅम, फ्लोट चेंबरचे गॅस्केट, तळाच्या बुचाची ओ-रिंग, नीडल व्हॉल्व्ह आणि त्याचे वॉशर, थ्रॉटल स्पिंडलची (ॲक्सिलरेटरने फिरणाऱ्या थ्रॉटल डिस्कच्या दांड्याची) दोन सील, कॉम्पेन्सेटरची लहानमोठी सील, बायपास व्हॉल्व्हची गॅस्केट आणि मॅनिफोल्डकडची (इंजिनाकडे मिश्रण नेणाऱ्या नळीकडची) गॅस्केट एवढे भाग मिळाले. बायपास व्हॉल्व्हचा डायफ्रॅम नव्हता. सुई नव्हती, आणि ती नसणे योग्यच आहे, कारण सुई इंजिनागणिक बदलते. परंतु एका उणिवेकडे दुर्लक्ष करता येत नाही: सुई वरून जुळवता येते अशा प्रकारांत एअर व्हॉल्व्हच्या पोटात, जुळवणीच्या स्क्रूवर एक बारीक ओ-रिंग असते. ती कडक झाली की डॅम्परमधील तेल हळूहळू खाली झिरपते, इंजिनात जळून जाते, आणि मालक तेल भरत राहतो. ‘संपूर्ण’ म्हणवणाऱ्या किटमध्ये ती असायलाच हवी होती. ती मला वेगळी मिळवावी लागली.

डायफ्रॅमबद्दल मी समाधानी आहे. रबर लवचीक आहे, उजेडासमोर धरले असता जाडी सर्वत्र एकसारखी दिसते, आणि आतल्या व बाहेरच्या दोन्ही किनारींवरच्या खुणेच्या जिभा एअर व्हॉल्व्हच्या आणि बॉडीच्या खाचांत नेमक्या बसतात. या जिभांचे महत्त्व माहितीपत्रकात एका वाक्यानेही सांगितलेले नाही. जिभा खाचेत नसतील तर एअर व्हॉल्व्ह तिरका फिरतो, त्याच्या तळाची छिद्रे आणि सुई चुकीच्या बाजूला येतात, आणि वरून टोपी दाबून बसवली तरी डायफ्रॅम पिळलेला राहतो. आतली किनार धरणाऱ्या कड्याचे चार स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत आणि प्रत्येक वेळी जीभ खाचेतून सरकली नाही ना हे पाहावे. टोपी बसवल्यावर एअर व्हॉल्व्ह बोटाने पूर्ण उचलून सोडला असता तो न अडखळता बॉडीवर टेकला पाहिजे आणि टेकल्याचा हलका आवाज आला पाहिजे. या किटच्या डायफ्रॅमने ती परीक्षा पहिल्यांदाच उत्तीर्ण केली. एक सूचना मात्र आवश्यक आहे: हा पडदा कार्ब्युरेटर साफ करण्याच्या स्प्रेपासून दूर ठेवावा. ती रसायने रबर फुगवतात आणि फुगलेला डायफ्रॅम खाचेत बसत नाही. सफाई आधी, रबर नंतर, हा क्रम मोडू नये.

सफाईबद्दल दोनच गोष्टी सांगतो. बॉडी हलक्या मिश्रधातूच्या ओतीव कामाची असल्याने कॉस्टिक सोड्यासारखे तीव्र अल्कली वापरू नये, ते धातू खाते. आणि वाळूचा मारा करून चमक आणण्याचा मोह टाळावा, कारण बारीक वाहिन्यांत अडकलेला एखादा कण पुढे जेटमध्ये येऊन बसतो.

फ्लोट चेंबर सहा स्क्रूंनी बसवलेले असते. किटमधील त्याचे गॅस्केट कागदी जातीचे असून ते किंचित आखडलेले होते, त्यामुळे स्क्रूची छिद्रे एका बाजूस जुळत नव्हती. ओलसर कापडात काही काळ ठेवल्यावर ते मूळ मापावर आले. मॅनिफोल्डकडच्या गॅस्केटची जाडी मात्र जुन्यापेक्षा कमी वाटली. इथे बॉडीची सपाटी महत्त्वाची ठरते: दोन नट वर्षानुवर्षे जास्त आवळले गेले असतील तर फ्लँज (बॉडीची जोडणीची कड) वाकतो आणि पातळ गॅस्केट ती फट भरून काढू शकत नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून आधी ते तपासावे. गॅस्केटच्या कमतरतेवर सीलंटचा थर चढवण्याच्या मी विरुद्ध आहे. फ्लोट चेंबरमध्ये सुटून आलेला सीलंटचा तुकडा नीडल व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकला की कार्ब्युरेटर ओसंडून वाहू लागतो, आणि गरम एक्झॉस्टच्या जवळ वाहणारे पेट्रोल ही जिवाशी गाठ आहे.

नीडल व्हॉल्व्ह या किटमधला सर्वात चांगला भाग आहे. त्याच्या टोकाला फ्लुओरोकार्बन रबर आहे, आणि आजच्या पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल पाहता ते योग्यच आहे. जुन्या काळचे कॉर्क आणि जुन्या जातीचे रबर इथेनॉलमुळे फुगते किंवा ठिसूळ होते. बसवताना त्याखालच्या वॉशरकडे नीट लक्ष द्यावे. वॉशर जाड-पातळ झाला की फ्लोटची उंची बदलते, आणि किटमध्ये वेगवेगळ्या जाडीचे वॉशर कोणत्याही खुलाशाशिवाय एकत्र दिले आहेत. जुन्या वॉशरची जाडी मोजून तेवढाच नवा निवडावा आणि मग उंची तपासावी. टीआर६ वरच्या १७५ साठी कार्ब्युरेटर उलटा धरून गॅस्केटच्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या सर्वोच्च बिंदूपर्यंतचे अंतर १६ ते १७ मिलिमीटर असावे लागते. इतर पोटप्रकारांसाठी तो आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्यावा. माहितीपत्रकात सर्वांसाठी मिळून एकच आकडा छापलेला आहे आणि माझ्या मते तो छापायलाच नको होता. उंची जुळवताना नीडल व्हॉल्व्हवर टेकणारी पितळी जीभच हलक्या हाताने वाकवावी. फ्लोट दाबून जीभ वाकवण्याचा प्रयत्न केला तर नव्या व्हॉल्व्हचे रबरी टोक कायमचे दबते.

स्पिंडलच्या सीलबाबत किटकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. सील स्वतः चांगली आहेत, ओठ मऊ आहे आणि ती जागेवर घट्ट बसतात. परंतु पन्नास वर्षे फिरलेला स्पिंडल ज्या छिद्रात फिरतो ते छिद्रच लांबट झालेले असते. अशा छिद्राभोवती नवे सील बसवले की काही काळ हवा थांबते, आणि स्पिंडलच्या आडव्या हालचालीने ते सील लवकरच कुरतडले जाते. तपासणी सोपी आहे: स्पिंडलचे टोक बोटात धरून वरखाली हलवावे, आणि खेळ जाणवला तर स्पिंडल बदलावा. नव्या स्पिंडलनेही खेळ राहिला तर बॉडीतील छिद्र रीमरने मोठे करून त्यात बुश (धातूच्या छोट्या नळ्या) बसवावे लागतात, आणि ते काम दोन्ही बाजू एकाच रेषेत कापता येतील अशा साधनांशिवाय कोणी हाती घेऊ नये; बुश किंचित तिरके बसले तरी थ्रॉटल अडकून राहतो. स्पिंडल काढताना थ्रॉटल डिस्कच्या दोन स्क्रूंची शेपटे फाकवलेली असतात, ती आधी मिटवावीत किंवा कानशीने घासावीत, नाहीतर स्क्रू निघताना स्पिंडलचे आटे सोलून नेतो. डिस्कची कड तिरकी घासलेली असल्याने ती एकाच दिशेने बसते, म्हणून काढण्यापूर्वी खूण करावी. नव्या स्क्रूंची शेपटे बसवल्यावर पुन्हा फाकवणे विसरू नये, कारण सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो. किटमध्ये हे स्क्रू नाहीत. सील बदलायला सांगणाऱ्या किटने ते द्यायला हवेत असे मला ठामपणे वाटते.

सुईचा विषय किटच्या बाहेरचा असला तरी ओळखीशी त्याचा थेट संबंध आहे. सुईच्या दांड्यावर तिचा संकेत कोरलेला असतो आणि तो भिंगाने वाचता येतो. ‘ई’ प्रकारात सुई स्प्रिंगच्या जोरावर मुद्दाम एका बाजूला झुकवलेली असते, जेणेकरून ती जेटच्या एकाच कडेला नेहमी टेकून राहील आणि मधोमध बसवण्याचा खटाटोप उरणार नाही. ही झुकलेली सुई पाहून ती वाकली आहे असे समजून तिला सरळ करणारेही भेटतात. १७५ चा जेट ०.१०० इंचाचा, म्हणजे २.५४ मिलिमीटरचा आहे आणि सुईभोवतीची जागा त्यातून उरलेली. इतक्या अरुंद जागेत एका बाजूने झिजलेली सुई मिश्रण किती बदलत असेल याचा अंदाज यावरून करता येईल. सुई बसवताना तिच्या धारकाचा खांदा एअर व्हॉल्व्हच्या तळाशी समतल असावा. माझ्या नगातील सुई त्याच्या नव्या इंजिनासाठी नव्हती हे संकेतावरून कळले, आणि त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेली सुई स्वतंत्रपणे मागवल्यावरच पुढचे काम करता आले. फक्त मोटारीच्या नावावर विसंबून काम उरकले असते तर नवे डायफ्रॅम, नवी सील असूनही इंजिन मधल्या वेगाला लीन (पेट्रोल कमी असलेल्या मिश्रणावर) चालले असते, आणि दोष किटला दिला गेला असता.

कॉम्पेन्सेटरकडे बहुतेक लोक लक्ष देत नाहीत, म्हणून दोन शब्द. गरम इंजिनावर आयडलिंगचे मिश्रण रिच होऊ लागले की तापणारी पट्टी वाकते, निमुळते बूच उघडते आणि थोडी हवा आत सोडते. जुन्या नगात हे बूच गंजून किंवा घाणीने अडकते. ते बोटाने हलक्या दाबाने हलले पाहिजे आणि सोडताच जागेवर आले पाहिजे. किटमधील त्याची दोन्ही सील मापात आहेत आणि पूर्वी हवा गळत असलेली जागा त्यांनी पूर्ण बंद केली.

जुळवणीसाठी लागणारे साधन किटमध्ये नाही, आणि त्याविना सुई वरून फिरवण्याचा प्रयत्न करणे हे डायफ्रॅम फाडण्याचे सर्वात खात्रीचे कारण आहे. या साधनात दोन भाग असतात: बाहेरची नळी एअर व्हॉल्व्हला फिरू न देता पकडून ठेवते आणि आतली षटकोनी किल्ली सुईचा स्क्रू फिरवते. घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुई वर जाते व मिश्रण रिच होते, उलट दिशेने लीन. बाहेरच्या नळीची पकड नसेल तर किल्लीच्या जोराने एअर व्हॉल्व्ह फिरतो आणि डायफ्रॅम पिळला जातो. माहितीपत्रकात हा धोक्याचा इशारा ठळक अक्षरांत हवा होता; तिथे ‘मिश्रण जुळवावे’ एवढेच लिहिले आहे.

जुळवणी करण्यापूर्वी व्हॉल्व्ह क्लिअरन्स आणि इग्निशन टायमिंग बिनचूक असावे, हे निराळे सांगायला नको. डॅम्परमध्ये एसएई २० चे तेल भरावे. डॅम्परचे झाकण जागेपासून सुमारे ६ मिलिमीटर वर असतानाच तेलाचा विरोध हाताला जाणवला पाहिजे. इंजिन गरम झाल्यावर एअर व्हॉल्व्ह जेमतेम ०.८ मिलिमीटर उचलून इंजिनाचा वेग ऐकावा: वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण रिच, लगेच पडू लागला तर लीन, आणि क्षणभर किंचित वाढून स्थिरावला तर योग्य. दोन कार्ब्युरेटर असतील तर आधी दोघांतून जाणारी हवा समान करावी, मगच मिश्रणाला हात लावावा. उलट क्रमाने गेल्यास एकाची चूक दुसऱ्याने झाकली जाते आणि दोन्ही बिघडतात.

किट बसवल्यानंतर आयडलिंग स्थिर झाले, थ्रॉटल सोडल्यावर वेग वर अडकून राहण्याची जुनी खोड गेली आणि स्पिंडलच्या टोकांशी क्लीनर फवारला असता इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही, याचा अर्थ हवा गळत नाही. काही काळ गाडी चालवून झाल्यावर टोपीचे चार आणि फ्लोट चेंबरचे सहा स्क्रू पुन्हा तपासले, तेव्हा फ्लोट चेंबरचे दोन स्क्रू किंचित सैल झालेले आढळले. कागदी गॅस्केट दबल्यामुळे असे होतेच आणि ते न विसरता आवळावेत. तळाच्या बुचाची ओ-रिंग, जी या कुळातील गळतीचे सर्वात नेहमीचे ठिकाण आहे, पूर्ण कोरडी होती. हेच किट मी पुन्हा घेईन, मात्र मागणी नोंदवताना पोटप्रकाराचे पूर्ण नाव लिहीन आणि सुईच्या स्क्रूची ओ-रिंग, बायपास व्हॉल्व्हचा डायफ्रॅम आणि थ्रॉटल डिस्कचे स्क्रू त्याच वेळी वेगळे मागवीन.